औषधाचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. माझ्या हातून एक वाईट काम झाले आहे. ते मी कोणाला सांगितलेले नाही. आज तुम्हाला सांगतो.

सोलापूरच्या भवानी पेठेत एका कारागिराने माझी टाकी ठोकून बनवली. सांगोल्याकडच्या धुळाप्पांनी मला विकत घेतले तेव्हा ते तरुण होते. एसटीच्या टपावर बसून मी त्यांच्या गावी आलो. ते मला पाठीवर घेत, डाव्या हाताने दांडा हापसत आणि उजव्या हाताने नळी फिरवत. डाळिंबाच्या झाडांवर माझा फवारा धुक्यासारखा बारीक पडे. शेजारचे शिवानंद मला मागून नेत आणि परत देताना म्हणत, "अण्णा, पंप न्हाय, डाक्टर हाय ह्यो!"

मला ते खरे वाटले. आमच्याकडे माझ्या पोटात जे भरतात त्याला औषधच म्हणतात. औषध आणायचे, औषध कालवायचे, औषध मारायचे. औषध देणारा वाईट कसा असेल?

पण मी गळत होतो. माझा वायसर झिजला होता आणि ते औषध धुळाप्पांच्या पाठीवर उतरत होते. सदरा भिजायचा, कातडी सोलवटायची. पुढे त्यांचे हात थरथरू लागले. गेल्या वर्षी ते बांधावरच ओकत बसले. त्यांना जीपमध्ये घालून सांगोल्याला दवाखान्यात न्यावे लागले. त्याआधी त्यांच्या खांद्यावरून माझे पट्टे त्यांच्या सुनेने, महानंदाने काढले.

"मामा, हा पंप आता तुमच्या पाठीवर चढणार न्हाय," ती म्हणाली.

ती शेतीच्या प्रशिक्षणाला जाऊन आली. तिथून तिने कागदाच्या पट्ट्या आणल्या. त्यांवर खसखशीएवढी काळी अंडी चिकटवलेली होती. त्या प्रत्येक अंड्यात एक चिमुकली गांधीलमाशी वाढत होती. ही माशी माणसाला डसत नाही. फळ पोखरणाऱ्या अळीच्या फुलपाखराने झाडावर अंडी घातली, की ती त्या अंड्यात आपले अंडे घालते. मग आतून अळी निघतच नाही, माशीच निघते. हे सगळे मला फार उशिरा कळले.

घरात एवढेच ठरले होते, की या बहारात कागद चालले तर बरे, नाहीतर पुन्हा पंप.

महानंदाने पट्ट्या पानांच्या मागे टाचल्या तेव्हा धुळाप्पा लेकीकडे अक्कलकोटला गेले होते. ते परत आल्यावर म्हाताऱ्या माणसाला चटकन समजावे म्हणून ती म्हणाली, "मामा, झाडांना कागदाचं औषध लावलंय. आता काय बी करायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती बचत गटाच्या बैठकीला गेली. धुळाप्पा बागेत फिरत होते. त्यांनी एक पान उलटले आणि दचकले.

"आयला! औषधाच्या कागदावरच अंडी घातली की किड्यानं!"

मित्रांनो, त्यांना सुनेची दया आली. पोरगी एवढी धडपडली आणि तिचे औषध फुकट गेले, असे त्यांना वाटले. त्यांनी माळ्यावरून मला काढले, भरले आणि पाठीवर घेतले. एरवी माझे तोंड दोन-दोनदा तुंबायचे. त्या सकाळी ते एकदाही तुंबले नाही. माशा नुकत्याच कागदातून निघून पानांवर चालू लागल्या होत्या. मी एकूणएक पान भिजवले. हजारो होत्या त्या.

महानंदा आली ती नाकाला पदर लावूनच.

"मामा, वास कशाचा?"

"तुझ्या कागदावर अंडी पडली हुती. समदी मारली. एक न्हाय ठेवलं!" धुळाप्पा आनंदाने म्हणाले.

तिने एक पान उलटून पाहिले. "मामा, ती आपली होती."

"आपली म्हंजी?"

"तीच औषध होती."

धुळाप्पांचा हात दांड्यावरच राहिला. "मग ह्या पंपात काय हाय?"

"विष हाय, मामा."

त्या बहारात अळीने फळे पोखरली. एक दिवस शिवानंद बांधावर येऊन हसले. "महानंदावहिनी, कागद बांधून किडं मरत्यात व्हय? मग डाळिंबाला ताईतच बांधा की!"

महानंदाने मान खाली घातली. सासऱ्यांचे नाव तिने घेतले नाही. पुढच्या बहारापासून पुन्हा पंप, असे घरात बोलणे सुरू झालेच होते. तेव्हा धुळाप्पा पुढे आले.

"शिवानंदा, कागद खोटं न्हवतं. मीच मारलं. हिनं नको म्हनलं हुतं. सांग जा गावात, धुळाप्पानं घरचीच राखण मारली."

शिवानंद आल्या वाटेने परत गेले.

या बहारात पट्ट्या धुळाप्पांनी स्वतः टाचल्या. हात थरथरतात, एकेका पट्टीला फार वेळ लागतो. "मामा, द्या हिकडं," महानंदा म्हणते. ते देत नाहीत. परवा त्यांनी माझ्या बुडात खिळा ठोकून भोक पाडले, कोणी मला पुन्हा मागून नेऊ नये म्हणून. ते बरेच झाले.

पण मित्रांनो, धुळाप्पांना आपली चूक बोलून दाखवता आली. मला कोणाची क्षमाही मागता येत नाही. तुम्हाला कधी पानामागे अंडी दिसली, तर मारण्याआधी घरात विचारा, ही कोणाची आहेत. मला फवारायला तोंड होते, विचारायला नव्हते. तुम्हाला आहे.