दोन चमचे रस्सा

तीन वर्षं आणि नऊ महिन्यांनी दिएप पुन्हा फुंगच्या खानावळीत शिरली, ती रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी. सेंट ऑल्बन्सच्या बाजारपेठेतली, सायगावकडून येऊन वसलेल्या लोकांची ती खानावळ त्या वेळी गच्च भरलेली असे. चर्च नुकतंच सुटलेलं, पॅगोडातली मंडळीही आलेली, पोरांचा कलकलाट, भिंतीवरच्या टीव्हीवर सायगावची जुनी गाणी. दिएप कुणाकडे न बघता स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "तेरा नंबर. मोठं."

वाढणारी पोरगी नवी होती, तिला काही कळलं नाही. पण शेजारच्या टेबलांवरची माणसं एकमेकांना खुणावू लागली. या बाईला तिथे सगळे ओळखत होते. खिडकीपलीकडच्या त्या चुलीपुढे तिने नऊ वर्षं काढली होती. लोक लांबलांबून गाड्या काढून फुंगकडे येत ते दिएपच्या हातचा फो, तो तेरा नंबरचा शेवया घातलेला हाडांचा रस्सा, खायला, हे फुंग सोडून सगळेच कबूल करत.

आणि तिला हाकललं कसं, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मालकीण फुंगने सांगितलं तेवढं माहीत होतं.

झालं होतं असं. त्या जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, उन्हाने कहर केला होता. एका शनिवारी खानावळीचा मोठा फ्रीज बंद पडला. दुसऱ्या दिवशी एका घरच्या बाळाला महिना पूर्ण झाल्याची पंगत होती, साठ पानं. केळीच्या पानात वाफवलेलं डुकराचं मांस आदल्या दिवशीच तयार होऊन आत पडलेलं. दिएपने पान उघडून वास घेतला आणि म्हणाली, "फुंगताई, हे सगळं टाकून द्या. मी पुन्हा करते, पहाटे येते."

"वेडी आहेस का? कुठे काय झालंय त्याला? जरा परतून घे, मिरी जास्त घाल."

"मी नाही हात लावणार."

"नको लावूस. घरी जा."

दिएप घरी गेली. मांस परतलं फुंगने आणि वाढलंही फुंगने. एकोणीस माणसं आजारी पडली. बाळाची पणजी महिनाभर हॉस्पिटलात होती; घरी आली ती काठी घेऊन, पुन्हा कधी पूर्वीसारखी चालली नाही. तपासणीला माणूस यायच्या आत फुंगने काचेच्या दारावर लाल अक्षरांत कागद लावला: 'अस्वच्छतेमुळे स्वयंपाकीण दिएप हिला कामावरून काढले आहे. ग्राहकांची क्षमा मागतो.'

तो कागद दोन आठवडे दारावर होता, पण दिएपच्या कपाळावर कायमचा चिकटला. ती सांगत सुटली, पण ऐकणार कोण? काढून टाकलेली बाई मालकिणीला नावं ठेवणारच, असं लोक म्हणाले. एकाही खानावळीने तिला आत घेतलं नाही. शेवटी ती कोंबड्यांच्या कारखान्यात लागली. थंडगार हॉलमध्ये आठ तास उभं राहून आतडी काढायची. तेही तिने सोसलं. सोसलं नाही ते पॅगोडात झालं ते. पितरांच्या महिन्यातल्या जेवणाला ती दरवर्षीसारखी मदतीला गेली, पळी उचलली, तर एका बाईने गोड हसून ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही बसा ना ताई, दमला असाल." चार बायकांनी माना खाली घातल्या. दिएप बसली. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

आता ती का आली? साप्ताहिकात फुंगची पानभर जाहिरात आली होती. 'वीस वर्षं, एकच हात, एकच चव.' फोटोत फुंग पातेल्याशी उभी. जाहिरातीचं ते पान दिएपने घडी घालून पिशवीत ठेवला आणि रविवार उजाडायची वाट बघितली.

वाडगा समोर आला. तिने रानतुळस खुडून घातली, लिंबू पिळलं आणि पहिला चमचा तोंडात घेतला. रस्सा उत्तम होता. कांदा-आलं काळं होईपर्यंत भाजलेलं, चक्रीफूल बेतानं, हाडं पहिल्या पाण्यातून काढून धुतलेली. तो तिचाच रस्सा होता. तिने हाताखाली तयार केलेली लान्ह आत चुलीपुढे उभी होती आणि तिने तसूभर फरक केला नव्हता. तीन वर्षं दिएपने असा घोट घेतला नव्हता. वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत प्यावासा वाटला.

तिने दुसरा चमचा घेतला. मग चमचा खाली ठेवला, जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, रुमालाने ओठ टिपले, गल्ल्यावर पैसे दिले आणि निघाली.

"काय गं, आवडलं नाही?" दाराजवळच्या टेबलावरून सातव्या काकांनी विचारलं. म्हातारा भावंडांत सातवा, सगळ्या बाजाराचा काका, जिभेला हाड नाही.

"भूक नाही, काका," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तेरा नंबर, मोठं, दोन चमचे, भरलेला वाडगा तसाच. ती एका शब्दाने वाईट बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. ज्या बाईने ही चव लावली तीच दोन चमच्यांवर उठते म्हटल्यावर लोक आपापल्या वाडग्यात बघू लागले.

"मलाही हल्ली जरा वेगळंच लागतं," कुणी म्हणालं.

"हाडं बदलली असतील."

"पाणी वाढवलं असेल, दुसरं काय!" सातवे काका म्हणाले आणि स्वतःचा वाडगा मात्र चाटूनपुसून संपवला.

चौथ्या रविवारी फुंग स्वतः आली. वय साठीला टेकलेलं, भुवया गोंदलेल्या, गळ्यात हिरव्या जेड दगडाचा बुद्ध. ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "काय नाटक लावलंयस?"

"जेवायला आले, ताई. पैसे देते की."

"मग जेव!"

"जेवले."

पुढच्या खेपेला फुंगने तिला संडासाशेजारचं टेबल दिलं. दिएप तिथेही बसली. तिथे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या वाडग्यात डोकावून गेला. मग एकदा "जागा नाही" म्हणून सांगितलं, तर ती दाराबाहेर उन्हात तासभर उभी राहिली. आत चार टेबलं रिकामी आणि बाहेर ही. लोक विचारत, "काय झालं?" ती म्हणे, "मला आत घेत नाहीत." फुंगनेच पोरीला पाठवून तिला आत बोलावलं.

पण खरी गंमत चुलीपुढे झाली. फुंगला धीर राहिला नाही. तिने लान्हला बाजूला सारलं आणि रश्शात हात घातला. एका आठवड्यात खडीसाखर वाढवली, दुसऱ्या आठवड्यात फिश सॉस, मग दालचिनी, मग कसलीशी पुडी. लान्ह म्हणाली, "मावशी, बिघडेल हो," तर तिला कांदे सोलायला बसवलं. दर रविवारी दिएप दोन चमचे घेई, आणि दर सोमवारी फुंग नवीन काहीतरी ओती. दोन महिन्यांत रस्सा खरंच बिघडला. सातवे काकाही अर्धा वाडगा सोडून उठू लागले.

तेव्हा फुंग संत्र्यांची पेटी घेऊन दिएपच्या घरी आली.

"झालं गेलं विसर. परत ये. चूल तुझी."

"मला चूल नको. त्या दिवशीचं मांस कुणी परतलं, कुणी वाढलं, ते खानावळीत उभं राहून सांगा. रविवारी."

"मेले तरी नाही सांगणार."

"मग ही पेटी घेऊन जा. मी रविवारी आहेच."

तो रविवार चांद्र पंचांगाच्या नव्या वर्षाचा होता. बाहेर सिंहनाच चालू, ढोल, फटाक्यांचा धूर. वर्षाचा पहिला घास बाहेर खायला आलेल्यांनी खानावळ पुष्कळ दिवसांनी भरली होती. दिएपने दोन चमचे घेतले आणि काड्या आडव्या ठेवल्या. फुंगला ते सहन झालं नाही. इतक्या लोकांसमोर, वर्षाच्या पहिल्या रविवारी! ती गल्ल्यामागून तरातरा आली आणि टेबलावर हात आपटला.

"सांग ना सगळ्यांना! काय खोट आहे माझ्या रश्शात? सांग!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दिएप बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "आज वाईट आहे. पहिल्या दिवशी उत्तम होता."

"उत्तम होता? मग का टाकलास?"

"टाकायचं होतं ते तुम्ही टाकलं नाहीत, ताई. म्हणून टाकायचं नव्हतं ते मी टाकलं."

"म्हणजे काय, बुवा? काय टाकायचं होतं?" सातव्या काकांनी विचारलं.

आता गप्प राहिली असती तर फुंग कदाचित वाचली असती. पण ती पेटली होती. "साठ माणसांचं मांस उकिरड्यावर फेकायचं होतं का मी? फ्रीज बंद पडला तो माझा दोष? हिचं ऐकून पंगत उपाशी उठवायची होती? नुसता वास तर येत होता जरासा!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिचा हात तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता.

कोपऱ्यातल्या टेबलावर थुआन बसला होता, बायको आणि मुलीसह. पंगत त्याच्या मुलीची होती आणि आजारी पडलेली ती त्याची आजी. त्याने मुलीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि उभा राहिला.

"वास येत होता," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं. आणि माझ्या आजीला तुम्ही स्वतःच्या हाताने वाढलंत. 'आजी, अजून घ्या,' म्हणालात."

फुंग काहीतरी पुटपुटली. थुआनने ऐकलं नाही. तो बायकोमुलीला घेऊन बाहेर पडला. त्याच्यामागे दुसरं टेबल उठलं, मग तिसरं. कुणी आरडाओरडा केला नाही. खुर्च्या तेवढ्या सरकत राहिल्या. पॅगोडातल्या दोघी दिएपजवळ थांबल्या, काही म्हणावं म्हणून, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती फुंगकडे पाहत होती. रिकाम्या होत जाणाऱ्या खानावळीत फुंग टेबलाला धरून उभी होती, आणि ते दृश्य दिएपने शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत बसून पाहिलं. रस्सा नाही, पण हे मात्र ती तळापर्यंत प्याली.

खानावळ तीन महिन्यांत बंद पडली. बाजारात एकदा फुंग समोर आली आणि म्हणाली, "झालं समाधान?"

"हो, झालं," दिएप म्हणाली आणि मुळ्याचा भाव विचारायला वळली. खोटं कशाला बोलायचं? तिला आता पडल्या पडल्या झोप लागत होती.

स्टेशनपलीकडच्या खानावळीने तिला बोलावलं, चूल दिली. पहिल्याच दिवशी तिने लान्हला निरोप धाडला, ये म्हणून. लान्ह आली, पण दारातच उभी राहिली.

"तुम्ही शिकवलंत तसाच करत होते मी, ताई. तीन वर्षं. एक दिवस चुकले नाही. पहिल्या रविवारी तुम्ही वाडगा तसाच टाकून गेलात तेव्हा खिडकीतून बघत होते. मला वाटलं, माझंच काही चुकलं. रात्र रात्र रडले."

"तुझं काही चुकलं नव्हतं गं. मला तुझ्याशी काही करायचं नव्हतं."

"माहीत आहे. पण झालं ते माझ्याशीच झालं ना? रस्सा माझा होता."

दिएपने तिला आत ये म्हटलं, चहा घे म्हटलं. लान्हने नकारार्थी मान हलवली. तिला कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजायचं काम मिळालं होतं, तिथे उशीर झालेला चालत नव्हता. ती वाकून नमस्कार करून गेली. लहान बहिणीने करावा तसा नाही, परक्या बाईला करतात तसा.