फुली पुसली, राग नाही

मित्रांनो, मी बालीगंजमधल्या एका बैठ्या घरामागचं जुनं पपनसाचं झाड आहे. माझ्या बुंध्यावर चुन्याची फुली होती. तोडायच्या झाडावर मारतात, ती!

कुंपणापलीकडे दुसरं पपनस होतं. मधमाश्या त्याचे परागकण माझ्या फुलांवर आणत आणि मला फळं धरत. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेला शेजारीपाजारी माझीच फळं मागून नेत. मग पलीकडे फ्लॅट उठले, ते झाड गेलं आणि माझी फळं थांबली.

मधुकर आजोबांनी माझ्या शेजारी एक रोप लावलं. "घे, सोबत आणली तुला." ते वाढलं, फुललं. पण त्याचा पराग माझ्या फुलात रुजला, की त्याची बारीक नळी मी अर्ध्या वाटेतच अडवली. दर फाल्गुनात. आपल्याच परागातून झालेली रोपं पुष्कळदा दुबळी निपजतात. म्हणून नको म्हणजे नको!

"वांझोटं झालंय," आजोबा म्हणाले. "खत दिलं, सोबत दिली, तरी ढिम्म. इथं गाडी तरी उभी राहील."

वांझोटं! पानन् पान पेटलं माझं. हा शब्द तोंडातून काढण्याआधी कुणी चौकशी करतं का हो?

गौरीनं केली. ती त्यांची सून, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"बाबा, ही सोबत आणलीत कुठून?"

"आणायची कशाला? ह्याच्याच फांदीला गुटी बांधून कलम काढलं होतं."

"अहो, मग हे दुसरं झाड कुठलं? कलम म्हणजे तेच झाड! आणि पपनसाला स्वतःचा पराग चालत नाही."

"आजोबांनी झाडाला आरशाशी खेळायला लावलं!" गौरीची छोटी मुलगी नूपुर खिदळली.

आजोबा चिडले. "वैशाखापर्यंत थांबतो. एक तरी फळ दाखवा."

दुसऱ्याच दिवशी गौरीनं न्यू टाउनच्या मैत्रिणीकडच्या पपनसाची फुलं आणली. नूपुरनं चित्रकलेचा ब्रश आणला. त्या परक्या परागानं माझी पाच फुलं माखली आणि देठांना लाल दोरे बांधले. त्याला मात्र मी वाट दिली.

वैशाखात दोन दोऱ्यांखाली लिंबाएवढी फळं होती. आजोबांनी ओल्या फडक्यानं फुली पुसली. तो शब्द मात्र परत घेतला नाही.

मित्रांनो, झाडाला फळ धरलं नाही, तर त्याला नाव ठेवू नका. आधी कुंपणापलीकडे बघा. तिथलं काय तोडलंत, ते आठवा.