पाच नंबरच्या टेबलावरची फिरती काच

मी पाच नंबरच्या टेबलावरची फिरती काच बोलतेय. हो, तीच. जिच्यावर तुम्ही नूडल्स ठेवता, सूप सांडता, कोपरं टेकता आणि वर वाढप्याला बोलावून विचारता, ही चिकट का लागतेय म्हणून. अहो, चिकट मी नाही, तुम्ही सांडलेला सॉस आहे. पण इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, आज तुम्ही ऐका.

एका भल्यामोठ्या काचेतून कारागिराने मला गोल कापून काढलं. त्याच काचेतली माझी सख्खी बहीण कुणाच्या तरी न्हाणीघराचं दार झाली. तिने काय काय पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक. माझ्या खाली लोखंडी कडं बसवलं, कड्यात छर्रे भरले, आणि एका बोटाच्या धक्क्यावर मी गरगर फिरायला लागले.

पहिली दोन वर्षं एका बड्या हॉटेलात गेली. तिथली माणसं इतकी सभ्य की कुणी मला फिरवायचंच नाही, मागे उभा असलेला वाढपीच सगळं ताटात घालायचा. मी नुसती शोभेला. मग एका पाहुणीच्या अंगठीने माझ्यावर ओरखडा ओढला आणि माझी रवानगी इथे झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पहिल्याच दिवशी आठ माणसांनी मला आठ दिशांना ओढलं, तेव्हा कळलं की आपण कशासाठी जन्माला आलो.

हे स्वस्तातलं चायनीज हॉटेल. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, वर दातांचा डॉक्टर आणि मध्ये आम्ही. भिंतीवर प्लास्टिकचा बांबू, त्यावर खरीखुरी धूळ. मालक स्वतः कढईपाशी आणि मालकीणबाई गल्ल्यावर. वाढप्याला सगळे 'तुफान' म्हणतात, कारण त्याला कुणी घाई करताना पाहिलेलं नाही. मेनूकार्डावर एकशेऐंशी पदार्थ आणि आत सॉस चार. गिऱ्हाईक ते कार्ड असं वाचतं की शाळेत एवढा अभ्यास केला असता तर कुठल्या कुठे गेलं असतं. शेवटी मागवतं नेहमीचंच.

माणसांची जात मी अगदी कडेवरून ओळखते. कुणी दुसऱ्याचा चमचा भांड्यात असतानाच मला ढकलतं. कुणी चॉपस्टिक मागवतं, फोटो काढतं आणि मग काट्याने खातं. शेवटची कोळंबी उरली की सगळे एकमेकांना 'तू घे, तू घे' म्हणतात, आणि त्यातल्या तिघांची बोटं माझ्या कडेवर तयार असतात.

पण सांगायचंय ते एका घराबद्दल. आई आणि तिचे दोन मुलगे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी यायचे. थोरला आईच्या डावीकडे, धाकटा उजवीकडे, आणि दोघांमध्ये तीन वर्षांचा अबोला. कशावरून, तर वडील गेल्यावर त्यांची जुनी स्कूटर थोरल्याने भंगारात दिली. धाकटा तेव्हा परगावी होता. त्याला विचारलं नाही, एवढंच कारण. स्कूटर चालत होती का? छे. दोघांपैकी एकाला तरी चालवायची होती का? तेही नाही. पण तोंडात गुळणी धरली ती धरली.

बोलायचं नाही म्हणून जेवण काही अडत नसे, कारण मी होते ना. धाकट्याला भात हवा असला की थोरला न बघता मला अर्धा फेरा द्यायचा आणि भात त्याच्यापुढे नेमका थांबवायचा. धाकटाही मिरच्यांचं चिकन तितक्याच अदबीने परत पाठवायचा. बाकी निरोप आईकडून. "त्याला विचार, सूप घेतोय का." तो दीड हातावर बसलेला असायचा. आई मान डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची, आणि तिच्या नूडल्स थंड होऊन त्यांची दोरी व्हायची. मला मात्र भारी अभिमान. वाटायचं, हे घर माझ्यामुळे एका टेबलावर जेवतंय. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मागच्या वर्षी एका रविवारी आई अर्धा तास आधीच आली आणि थेट मालकीणबाईंपाशी जाऊन बसली. चेहरा उतरलेला. तिच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. थोरल्याने आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे येत्या गुरुवारची वेळ घेतली. धाकट्यानेही घेतली, दुसऱ्या डॉक्टरकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि तीही गुरुवारचीच. दोघांनी आपापल्या फोनवर आईला सांगितलं, आणि ती माउली दोघांनाही हो म्हणाली. एकाला हो म्हटलं हे दुसऱ्याला कळलं तर तो दुखावेल म्हणून. हृदय एक आणि ऑपरेशनं दोन!

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, आज सांगून टाका. आई म्हणाली की ती सांगणारच नाही. दोघं आपसांत बोलून ठरवणार नसतील तर ती गुरुवारी कुठेच जाणार नाही, घरी टीव्ही बघत बसेल. डॉक्टर तर म्हणत होते की आता उशीर करून चालणार नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला असता, पण मी पडले काच.

मुलगे आले. नेहमीचं मागवलं. तुफानने सावकाश आणून ठेवलं. थोरल्याने सवयीने मला धक्का दिला आणि मी हललेच नाही.

मी मुद्दाम केलं असं सांगायला मला फार आवडेल. पण खरं कारण असं की मालक माझ्या छऱ्यांना मशीनचं तेल घालायचं सोडून कढईतलंच तेल घालायचा. दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे, वेगळा डबा कोण आणणार! त्याचा आत डिंक झाला होता, आणि नेमका त्या दुपारी तो पुरता धरला.

थोरल्याने जोर लावला. धाकट्यालाही सूप हवं होतं, त्याने दुसऱ्या बाजूने ओढलं. मी मध्ये कण्हतेय. सूप डचमळलं आणि अर्धं टेबलावर आलं. शेवटी धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "दादा, सोड ना. अडकलीय ती."

"मी केव्हाच सोडलीय. तूच ओढतोयस."

दोघांनी हात मागे घेतले. आपण काय बोललो ते दोघांना एकदमच कळलं असावं, कारण दोघंही सांडलेल्या सूपकडे बघत राहिले. आईने पेपर नॅपकिन काढले, सूप पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "बोललाच आहात तर ऐका. गुरुवारी सकाळी माझी दोन ऑपरेशनं आहेत. एक तुझ्या डॉक्टरकडे, एक ह्याच्या. कुठलं आधी करायचं ते ठरवा."

मग जी जुंपली! कोणाचा डॉक्टर चांगला इथून सुरुवात, तिथून स्कूटर, तिथून शाळेत असताना कुणी कुणाची पट्टी मोडली इथपर्यंत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक चमचे खाली ठेवून ऐकायला लागले. मालक झारा हातात घेऊन बाहेर आला. मध्येच थोरल्याचा आवाज फुटला. म्हणाला, रोज गॅरेज उघडलं की ती स्कूटर दिसायची, बाबांशिवाय तिथे उभी असलेली, मला बघवत नव्हती रे. भाताचं भांडं उचलून, माझ्या डोक्यावरून हात लांब करून, धाकट्याने भावाच्या ताटात वाढलं. आणि आई? आई गरमागरम नूडल्स खात होती. मान कुठेही न वळवता, ताट साफ होईपर्यंत.

ऑपरेशन थोरल्याच्या डॉक्टरकडे झालं, एकच झालं, आणि आई दोन महिने धाकट्याकडे राहिली. परत आले तेव्हा ती निम्मी झाली होती, बिनमिठाचं सूप पीत होती आणि दोघं मुलगे इतकी बडबड करत होते की तिला मध्ये शिरकाव नव्हता. मालकाने माझ्या दुरुस्तीसाठी खालच्या शिवणयंत्रवाल्याला बोलावलं होतं. आई म्हणाली, "राहू दे हो. अशीच बरी आहे." मालकाला निमित्तच हवं होतं.

तेव्हापासून मी जागच्या जागी आहे. लोक ढकलून बघतात, वैतागतात, तुफानला नावं ठेवतात. नवं कुटुंब बसलं की आधी गप्प असतं, मग नाइलाजाने कुणीतरी म्हणतं, अगं ते जरा इकडे दे. तेवढंच ऐकायला मी आता फिरायचं विसरले आहे.

तुम्ही कधी या टेबलावर बसलात तर माझ्या कडेला उगाच बोट लावू नका. जे हवं ते समोरच्याकडे तोंडाने मागा. आणि घरी कुणाशी अबोला धरून बसला असाल तर आजच बोला. त्या बाईला अबोल्यापायी एकाच दिवशी दोन ऑपरेशनांना हो म्हणावं लागलं. तुमच्या आईवर ती वेळ आणू नका.