दोन थेंब तेल

चिठ्ठी नेमकी कुठे फाडायची, हे मिस्त्रींनी दारातल्या मुलीला तीनदा विचारलं. पहिल्यांदा तिचं उत्तर त्यांच्या डाव्या कानाकडे गेलं, म्हणजे कुठेच गेलं नाही. दुसऱ्यांदा मागे कुणाचा तरी मोबाईल वाजला. तिसऱ्यांदा तिने चिठ्ठीच हातात घेऊन दाखवली. एक ते पाच आकडे, प्रत्येकाशेजारी टिंबांची रेघ. सिनेमा जेवढा आवडला तेवढ्या आकड्यापाशी फाडायची आणि जाताना डब्यात टाकायची.

"पण मी त्याच्यातच आहे," मिस्त्री म्हणाले. "आपणच आपल्याला मार्क कसे द्यायचे?"

मुलगी हसली. "मग तुम्ही राहू द्या काका. काकू फाडतील."

मिस्त्रींनी आपली चिठ्ठी घडी घालून वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे असं पाहिलं, जणू तिच्यावर डॉक्टरांनी काहीतरी लिहून दिलंय.

मिस्त्री म्हणजे आमचे हे. शिवणयंत्रं दुरुस्त करतात. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात आणि चार लोकांत मीही तेच म्हणते. तरुणपणी एका कपड्यांच्या कारखान्यात होते. एका छपराखाली तीनशे मशिनी. डावा कान तिथेच राहिला. कारखाना बंद झाला तेव्हा हत्यारांची पिशवी आणि उजवा कान घेऊन ते घरी आले, आणि तेव्हापासून दारोदार फिरून मशिनी बघतात. त्यांची एक रीत आहे. लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि हाताने चाक हळूहळू फिरवायचं. माणसांचं बोलणं त्यांचं निम्मं सुटतं, पण मशीन शंभरात एक टाका सोडत असेल तर तो ह्यांना सापडतो.

स्वतः मात्र बोलायचं नाव नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी वैतागून म्हटलं होतं, "मशीनला घालता ना तेल, तसे दोन थेंब तोंडात पण घाला." त्यावर ते इतके हसले की हातातली बॉबिन पडली आणि कपाटाखाली गेली. मग अंगठा वाकवून, तेलाची कुपी दाबल्यासारखा हात ओठांशी नेला आणि म्हणाले, "घातलं. बोल आता." तेव्हापासून तो आमच्या घरचा विनोद. पाहुणे उठले की, भांडण निवलं की, उगीचच कधी. मी म्हणायचं, त्यांनी अंगठा ओठांशी न्यायचा. खरं सांगायचं तर आमच्या घरात विनोद तेवढा एकच. पण एकतीस वर्षं चालला.

ज्या कॅमेरावाल्या मुलीने हा सिनेमा काढला, तिच्या आजीची मशीन दुरुस्त करायला हे गेले होते. तिथे तिने ह्यांना ते डोळे मिटून ऐकताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर. आठ महिने ती येत-जात होती. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, दुसरं कुणी मिळालं नाही का तुला?" ती म्हणाली, "काकू, मी शोधतच नव्हते." सिनेमाला तिने नाव दिलं 'चौदा नंबरची सुई'. बाहेरच्या कुठल्याशा देशात त्याला बक्षीस मिळालं आणि आज आमच्याच शहरात, देशोदेशीच्या सिनेमांच्या त्या चार दिवसांच्या जत्रेत, सकाळी अकराला तो दाखवणार होते.

मिस्त्रींनी आदल्या दिवशी केस कापून घेतले. नखं घासली. निघताना मला म्हणाले, "लोक बाहेर पडताना काय बोलतात ते ऐकून ठेव हं. मला गर्दीत नाही कळायचं. तू ऐक आणि मला सांग. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं कशाला पाहिजे?"

"बघू दे की. मशीन बोलते ते लोकांना ऐकू येतं का, एवढंच बघायचंय."

एकतीस वर्षांत त्यांना लोकांनी एकच प्रश्न विचारलाय, किती वेळ लागेल. त्यांना स्वतःला काही विचारायचं असेल, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

हॉल अर्धा भरला होता. पडद्यावर पहिले आले ते मिस्त्रींचे हात. आत्ता माझ्या शेजारी मांडीवर ठेवलेले, घासून पांढरे केलेले तेच हात, पण तिथे भिंतीएवढे आणि नखांत काळं. मग मशीन उघडली गेली. एकेक स्क्रू निघाला, फडक्यावर ठेवला गेला. वीस मिनिटं झाली तरी स्क्रूच. लोक खुर्चीत इकडून तिकडे होऊ लागले. पुढच्या रांगेत एका मोबाईलचा उजेड झाला, विझला, पुन्हा झाला.

आणि मग मी आले. आधी नुसता आवाज. "अहो, झालं का? मीठ संपलंय." तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना. फरशीवरून पत्रा ओढावा तसा. सगळा हॉल हसला. मग माझी पाठ आली, ओट्याशी उभी. भिंतीची ओल, हँडल मोडलेलं पातेलं, आणि माझ्या खांद्यावर बोटभर उसवलेली शिवण. मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोची उसवलेली शिवण. लोक पुन्हा हसले. मी खुर्चीत खाली सरकले. मिस्त्री माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुझा आवाज छान आलाय." मनापासून म्हणाले.

शेवटाकडे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानामागे लावला आणि सिनेमातला सगळा आवाज बंद झाला. रस्ता, पंखा, भांडी, सगळं गेलं. मग त्या शांततेत, खूप आतून, टक... टक... टक... आणि एक टक यायचा राहिला. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. "हेच. हेच मला ऐकू येतं," ते कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मानाने कुजबुजले.

मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज गेला वाटतं." एक गृहस्थ उठून तक्रार करायला बाहेरही गेले.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या, बऱ्या झाल्या. बाहेरच्या दालनात आल्यावर मी माझी पर्स मिस्त्रींकडे दिली आणि बायकांच्या बाथरूममध्ये गेले. कानांचं काम करायला गेले असं नाही, पण रांगेत उभं राहिलं की ऐकू येतंच.

माझ्यापुढे दोघी होत्या. एक लाल चष्म्याची आणि एक उंच.

"संपला तरी मला कळलं नाही गं," उंच बाई म्हणाली. "मला वाटलं लाइट गेले."

"कालच्या त्या परदेशी सिनेमात पण काही घडत नव्हतं," लाल चष्मेवाली म्हणाली. "पण निदान बर्फ तरी होता."

"ह्याला बाहेर बक्षीस मिळालंय म्हणे."

"तिकडे लोकांना वेळ असतो. मी एकदा मोबाईल बघितला, वर पाहिलं, तर तोच स्क्रू."

"आणि ती बायको. मीठ संपलंय म्हणून काय खेकसली."

"मला ती आवडली बाई. तिच्यामुळे जाग आली."

त्या वाईट नव्हत्या. रविवारी सकाळी घरचं आवरून, चांगलं काही बघायला म्हणून आलेल्या, माझ्यासारख्याच. मी नळ सोडला आणि गरज नसताना हात धुवायला लागले. तेवढ्यात आरशातून लाल चष्मा माझ्याकडे वळला.

"तुम्हाला कसा वाटला हो?"

ती बायको मीच, असं म्हणता आलं असतं. चांगला होता, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याला काही हिंमत लागत नाही. पण माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, माझा आवाज ह्या दोघींना ओळखू येईल. खांद्यावरून हात फिरवून मी आजची शिवण चाचपली. मग फोनवर परक्या माणसाशी बोलताना काढते तो बारीक आवाज काढला आणि म्हणाले, "मला तर डुलकीच लागली."

दोघी हसल्या. एवढ्यावर थांबायचं होतं. पण माझ्या बोलण्याला हसणारं आजवर घरात एकच माणूस होतं, आणि इथे चांगल्या कपड्यांतल्या दोन अनोळखी बायका हसत होत्या. मला चेव आला.

"आणि तो माणूस," मी म्हणाले, "मशीनला तेल घालतोय, घालतोय. म्हटलं, दोन थेंब स्वतःच्या तोंडात पण घाल की बाबा."

उंच बाईला बेसिन धरावं लागलं. लाल चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. "हे भारी आहे हं. हे मी बाहेर सगळ्यांना सांगणार."

मला बरं वाटलं. लिहायलाही नको वाटतं, पण वाटलं. हात वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला फार बरं वाटलं.

मी बाहेर आले तेव्हा कॅमेरावाली लांब, लोकांच्या घोळक्यात होती. मिस्त्री खांबाशी एकटेच उभे होते. खांद्याला माझी पर्स, केस कापलेले, इस्त्रीचा शर्ट. दीड तास त्यांनाच पाहिलेली माणसं त्यांच्याजवळून जात होती आणि कुणी त्यांना ओळखत नव्हतं. ते मात्र प्रत्येक तोंडाकडे बघत होते, ओठांवरून काही लागतं का म्हणून.

त्यांच्यापासून दोन हातांवर लाल चष्मेवाली तिच्या घोळक्यात उभी होती. उजव्या बाजूला.

"अगं, आत एक बाई काय म्हणाली माहितीये?" तिचा आवाज खणखणीत होता. "म्हणाली, मशीनला तेल घालतोय, घालतोय, दोन थेंब स्वतःच्या तोंडात पण घाल की बाबा."

घोळका हसला. मी सहा-सात पावलांवर होते. मिस्त्रींचा उजवा हात वर उठला. अंगठा वाकलेला, कुपी दाबल्यासारखा. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. हात हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी त्या बायकांकडे पाहिलं. मग बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि दारात मी.

हात तिथूनच खाली आला. वाटेत त्यांनी शर्टाच्या खिशाचं बटण चाचपलं, जणू तेवढ्यासाठीच तो वर गेला होता.

"चला?" मी म्हणाले. आवाज अजून तो बारीकच होता. तो खाली यायला वेळ लागला.

"चल."

डब्यापाशी मी कमरेला खोचलेली माझी चिठ्ठी काढली आणि पाचापाशी, दिसेल अशी, सावकाश फाडली. मान वर केली तर मिस्त्री बाहेरच्या पायऱ्या उतरत होते.

घर पायी वीस मिनिटांवर. ऊन चढलं होतं. पहिला चौक गेला तरी त्यांनी विचारलं नाही. जसंच्या तसं, म्हणाले होते. मग मीच सुरू केलं.

"सगळ्यांना आवडला हो. एक उंच बाई होती, ती म्हणाली, असं बारकाईने काम करणारा माणूस आता कुठे बघायला मिळतो. दुसरी म्हणाली, तो शेवटचा टक टक ऐकला ना, अंगावर काटा आला." मला सुचतच गेलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांत मी पाणी आणलं. तक्रार करायला उठले होते ना, तेच. "ते बाहेर गेले ते डोळे पुसायला," मी म्हणाले.

मिस्त्री चालत होते. हूं नाही की चूं नाही.

"ऐकताय ना?"

मला राग आला, मग भीती वाटली, आणि मग पेट्रोल पंपापाशी एक गाडी वळताना मी दचकून बाजूला झाले तेव्हा लक्षात आलं. गाड्या माझ्या बाजूने होत्या. एकतीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला चालतेय. फुटपाथ असो, बाजार असो, दवाखान्याची रांग असो, न बोलता ते मला उजवीकडे घेतात, कारण तो कान चालतो. आज ते भिंतीच्या बाजूने चालत होते आणि मी डावीकडे होते. पायऱ्या उतरल्या तेव्हाच त्यांनी बाजू बदलली असणार. उंच बाई, अंगावरचा काटा, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी, मी सगळं त्या गेलेल्या कानाला सांगत आले होते.

चार पावलं मागे राहून पलीकडून यायचं, एवढंच होतं. मी नाही गेले.

"ते मीच म्हणाले," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या आवाजात, पत्रा ओढल्यासारख्या. "आतली बाई मीच होते."

ते समोर बघत चालत राहिले. शिंप्याच्या बंद दुकानाशी जरा रेंगाळले, शटरला कुलूप आहे का ते रोजच्यासारखं पाहिलं आणि पुढे निघाले. ऊन डोक्यावर आलं होतं. माझी पर्स अजून त्यांच्याच खांद्याला होती. तिचा पट्टा घसरला की ते तो पुन्हा वर घेत होते, घर येईपर्यंत.