चंदेरी पट्ट्याकडून प्रवेश नाही

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. सर्किटमधल्यांनी आपलं काम करावं आणि गप्प बसावं, अशी आमच्यातली शिस्त. तरीही मी, तांदळाच्या दाण्याएवढा काळा डायोड, बोलतोय. कारण परवा माझ्यावर नको तो आळ आला.

माझं मूळ वाळूत. वाळूतून काढलेलं सिलिकॉन हे अर्धवाहक. ते तांब्यासारखी वीज सहज वाहू देत नाही आणि काचेसारखी साफ अडवतही नाही. म्हणून त्यात मुद्दाम भेसळ करतात. माझ्या एका भागात जास्तीचे इलेक्ट्रॉन आहेत, दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा. दोघे जिथे भेटतात तिथे माझा दरवाजा. वीज एका बाजूने आली तर उघडतो, माझ्या अंगावर जिकडे चंदेरी पट्टा आहे त्या बाजूने आली तर बंद! भेसळ करून कुणाचं भलं झालं असेल, तर ते आमचंच.

बरीच वर्षं मी एका रेडिओत काढली. तो मोडीत गेल्यावर दुरुस्तीवाल्या काकांच्या डब्यात स्क्रूंच्या गर्दीत पडून होतो. तिथून मला एका शाळकरी मुलीने नेलं. मुलगी फार अबोल. “काका, डायोड आहे का?” हे तिने आधी दारात उभं राहून स्वतःशीच म्हणून पाहिलं.

तिच्या आत्याचा घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला होता. हाक मारता येत नाही, मग एकटी कशी राहणार, म्हणून बाबांनी आत्याचा पलंग मागच्या खोलीतून पुढे टीव्हीजवळ आणला. येणारा-जाणारा त्याच पलंगावर टेकायचा. आत्या मागच्या खोलीकडे बोट दाखवून दाखवून दमली.

म्हणून मुलीने घंटी केली. मागच्या खोलीत बटण, स्वयंपाकघरात बझर. कुणी सेल उलटे घातले तरी बझर जळू नये, म्हणून वाटेत मला डाख देऊन बसवलं.

“वाजली तर पलंग मागे,” बाबा म्हणाले. “नाही वाजली तर हा विषय बंद.” आणि मोठ्या उत्साहाने त्यांनीच नवे सेल घातले.

आत्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिचा चेहराच उतरला.

“हा काळा मणी मध्ये कडमडतोय,” बाबांनी पक्कड उचलली. “तो तोडून वायर सरळ जोडतो.”

“अहो, पोरीला बघू तरी द्या!” आई म्हणाली.

पक्कड माझ्या पायाला लागली. मी गेलो असतो, तर माझ्यामागोमाग बझरही जळाला असता. मुलगी सेलच्या डब्यात बघत होती. तिने आधी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून पाहिलं. मग एकदम म्हणाली, “बाबा, थांबा! तो अडवतोय ते बरोबर आहे. तुम्ही सेल उलटे घातलेत.”

“मी? घरात रिमोटचे सेल कोण बदलतं?”

“बदलता तुम्ही,” आई म्हणाली, “आणि नीट करते मी.”

आत्याला हसू आवरेना. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते. मुलीने सेल फिरवले. बझर असा खणखणीत वाजला, की बाबांनी कान धरले आणि मग निमूटपणे पलंगाची एक बाजू उचलली.

आता आत्या आपल्या खोलीत असते. तिची प्रत्येक हाक माझ्यातून जाते. जाता जाता थोडंसं व्होल्टेज मी ठेवून घेतो, तेवढा माझा वाटा. तुम्हाला एकच विनंती. कुणी अडवलं, की लगेच पक्कड उचलू नका. आधी बघा, आपणच उलटीकडून तर येत नाही ना. आणि तरीही कळलं नाही, तर त्या मुलीला विचारा, ती आता कुणालाही सांगते, अगदी मोठ्या आवाजात सांगते, की डायोड म्हणजे... आलो, आलो! आत्याने बटण दाबलंय, मला दरवाजा उघडायचाय!