छबूबाईचा डॉक्टर

नंदुरबारच्या त्या पथारीवर मालकाच्या खालोखाल कोणाचा शब्द चालत असेल तर तो छबूबाईचा. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. दिवाळी झाली की तिथे ओल्या लाल मिरचीचे ट्रक रिते होऊ लागतात, आणि मग होळीपर्यंत खालची जमीन दिसत नाही. चाळीसेक बाया नाकातोंडाला फडकं बांधून मिरची पसरवतात, उलटवतात, देठ खुडतात. छबूबाई या बायांची मुकादमीण. चौपन्न वय, आवाज खणखणीत. मूठभर मिरची हातात घेतली की आणखी किती उन्हं लागतील हे ती न चुकता सांगे.

तिला स्वतःच्या दोन गोष्टींचा अभिमान होता. एक तिचा हात आणि दुसरा तिचा डॉक्टर.

डॉक्टर नवनीत तिचा कोणी नातेवाईक नव्हता, पण ती "मन्हा डॉक्टर" असंच म्हणे. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा भाईदास खोकून खोकून काडी झाला होता. तीन दवाखाने झाले, कोणी सर्दी म्हणालं, कोणी अशक्तपणा. नवनीत तेव्हा नुकताच शिकून आलेला, मागच्या गल्लीतल्या एका खोलीत बसणारा पोरगेलासा डॉक्टर. त्याने भाईदासला उघडा बसवला आणि पाठीला नळी लावून एवढा वेळ ऐकत राहिला, की छबूबाईला वाटलं याला झोप लागली. मग म्हणाला, "टीबी शे. पन घाबरू नका, बरा व्हई जास." आणि भाईदास खरंच बरा झाला. आजही तो शाळेच्या फाटकावर राखण करतो.

तेव्हापासून पथारीवर कोणी आजारी पडलं की छबूबाई तिला नवनीतकडेच धाडे. "दुसरीकडे जाऊ नको. मन्हं नाव सांग," एवढंच म्हणे. दरवर्षी नव्या बाया येत, आणि त्यांच्यासोबत डॉक्टरचं नावही वाढत गेलं. एका खोलीचा दवाखाना दुमजली झाला. अजित नावाचा कंपाउंडर नंबरचे बिल्ले वाटू लागला. सकाळी नऊलाच बाहेरचे बाक भरून जात.

मग औंदाच्या हंगामात छबूबाईलाच खोकला लागला.

पहिल्यांदा गेली तेव्हा डॉक्टरने मान वर न करताच विचारलं, "काय छबूबाई, काय त्रास?"

"दादा, खोकला जात नही. दम लागस, आनि आडी पडनी का—"

"मिरचीचा ठसका आहे. फडकं ओलं करून बांधत जा," डॉक्टर म्हणाला, आणि तिचं वाक्य संपायच्या आत चिठ्ठी लिहून झाली होती.

नवनीतची एक सवय तिला ठाऊक होती. तो तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. निवांत असला की पेशंटशी अहिराणीत बोले आणि घाई असली की मराठीत. आता तो सारखा मराठीतच बोलत असे.

चार महिन्यांत ती पाच वेळा गेली. पाचही वेळा तेच लाल औषध. फळीवर बाटल्यांची रांग लागली. रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. मुलगा भूपेंद्र तहसील कचेरीत कारकून होता. तो वैतागला.

"माय, आपन धुळे जाऊत. तो तुन्हाकडे देखतबी नही."

"पंचवीस वरीसना डॉक्टर असा सोडतस का?" ती म्हणाली खरी, पण भांडी घासताना तिचं तिलाच जाणवलं की आवाजात नेहमीचा जोर नाही. डॉक्टर चुकतो आहे असं म्हणायला जीभ वळत नव्हती. त्याला वाईट म्हणायचं म्हणजे पंचवीस वर्षं आपण बायांना जे सांगत आलो ते खोटं पाडायचं. म्हणून ती गप्प बसली आणि खोकत राहिली.

ती गप्प राहिलीही असती. पण मध्ये रुपा आली.

रुपा धडगावकडच्या डोंगरातली पावरा पोर, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्यांदाच हंगामाला खाली उतरली होती. घरी पावरी बोलणारी, त्यामुळे अहिराणी-मराठी तोडकीमोडकी. दोन दिवस ती काम करताना एका बाजूला मान कलती करून बसे. छबूबाईने विचारलं तर तिने कानावर हात ठेवला. "नवनीत डॉक्टरकडे जाय. मन्हं नाव सांग," छबूबाईने नेहमीसारखं सांगितलं.

दुपारी रुपा परत आली. हातात बाटली. तेच लाल औषध.

छबूबाईने बाटली उलटसुलट करून पाहिली. "हाई तं खोकलानं शे. तुले खोकला शे का?"

"नाही. कान दुखे," रुपा म्हणाली. "तो बोलला, पथारी? मी बोलली, हो. तो लिहिला."

"तू कान दाखाडा नही?"

"दाखवला. तो बघला नाही."

रुपाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डॉक्टर असेच असतात असं समजून ती पुन्हा देठ खुडायला बसली. छबूबाईला तेच जास्त झोंबलं. ही पोर तिच्या शब्दावर गेली होती. दोन तास बसली होती, अर्ध्या दिवसाचं काम सोडून. आणि मिळालं काय, तर पथारीवरची म्हणून खोकल्याचं औषध! स्वतःच्या खोकल्यासाठी जे तिला चार महिन्यांत जमलं नव्हतं, ते तिने एका क्षणात ठरवलं. फडकं सोडून कमरेला खोचलं, रुपाचा हात धरला आणि निघाली.

दवाखान्यात बाक भरलेले. अजितने ओळखीचं हसून आतल्या दाराकडे हात केला. "बाई, तुम्ही जा सरळ."

"नंबर दे," छबूबाई म्हणाली. "नंबर लागी तवय जासू."

सत्तावन्नावा नंबर मिळाला. ती दोन तास बसली. आत जाणारा माणूस किती लवकर बाहेर येतो हे तिने तिथे पहिल्यांदाच नीट पाहिलं. एक म्हातारा तर टोपी सावरत आत गेला, आणि ती सावरून व्हायच्या आत बाहेर आला.

नंबर लागला. डॉक्टरचा हात चिठ्ठीवर होताच. "या छबूबाई. ठसका कमी नाही का?"

छबूबाईने पुढे होऊन चिठ्ठ्यांच्या पॅडवर आपला तळवा ठेवला. मिरचीने लाल झालेला, भेगाळलेला तळवा. "पेन ठेवा, दादा."

डॉक्टरने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं असावं.

"या पोरना कान दुखस. तुम्ही सकायले तिले खोकलानं औषध दिधं. पथारीवरनी शे म्हनीसन. पथारीवरल्या बाईले कान नही ऱ्हास का?"

दारात उभा असलेला अजित आत डोकावला. डॉक्टरचा चेहरा आक्रसला. "छबूबाई, बाहेर पन्नास पेशंट आहेत. मी एकटा माणूस. एखादवेळी होतं असं."

"पन्नास शेतस, देखं मी. त्यासनामा दोन तास बठेल शे." तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. "त्यातल्या निम्म्या बाया मी धाडेल शेतस, दादा. मन्हं नाव सांगी सांगी येतस. मन्हा घरधनीना पाठले तुम्ही कान लाईसन बठनात, तवय तो वाचना. ते मी समदासले सांगत ऱ्हायनू. आते काय सांगू? डॉक्टर देखत नही, नुसता लिखस, असं सांगू?"

रुपाने घाबरून छबूबाईचा पदर धरला होता. पंचवीस वर्षांत छबूबाई या माणसापुढे एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. आता हा हाकलून देईल, असंच तिला वाटलं.

डॉक्टरने पेनाला टोपण लावलं. उठला, रुपाला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बॅटरी घेऊन कानात पाहिलं. आत फोड पिकला होता. त्याने कान हलक्या हाताने साफ केला, औषध घातलं, आणि रोज किती थेंब टाकायचे ते बोटं मोजून दोनदा दाखवलं. रुपाने तिसऱ्यांदा त्याला स्वतः करून दाखवलं. मग तो छबूबाईकडे वळला.

"आनि तुम्हनं काय?" त्याने विचारलं. अहिराणीत.

"मिरचीना ठसका माले तीस वरीसफाईन माहीत शे," छबूबाई म्हणाली. "फडकं सोडं, पानी पिधं, का गया. हाऊ खोकला तसा नही. आडी पडनी का येस, उठी बसनी का जास. गुदस्ता दोन पाट्या उचली लेत व्हती. औंदा एक उचली का दम लागस. पथारीवर नही गयी त्या दिवशेबी लागस."

डॉक्टर ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तरी थोडा वेळ थांबला, आणखी काही राहिलं असेल तर म्हणून. मग त्याने विचारलं, "ल्हानपने तुम्हना सांधा सुजनात का? तापसंगे?"

छबूबाई चकित झाली. "तुमले कोनी सांगं? दहा वरीसनी व्हती मी. गुडघा असा फुगनात का दोन महिना अंथरूनवर. मायनी पाला बांधा व्हता."

त्याने तिला टेबलावर डाव्या कुशीवर निजवलं आणि छातीला नळी लावली. बाहेर बाकांवर कुजबूज वाढली, कोणीतरी अजितला हटकलं, पण आतून काही हालचाल नाही. डॉक्टरने डोळे मिटले होते. छबूबाईने श्वास रोखला, सोडला, त्याने सांगितलं तसा पुन्हा रोखला.

नळी काढून तो खुर्चीत बसला. "छबूबाई, मी चुकनू," तो म्हणाला. अजितसमोर, रुपासमोर. "तुम्हना खोकला मिरचीना नही, काळीजना शे. ल्हानपनना तापनी काळीजनी एक झडप खराब कई. चार महिना मी नळीच लाई नही. लाई ऱ्हाती तं पहिला दिवशे समजतं."

काळजाचं दुखणं ऐकून छबूबाई घाबरली. पण त्या भीतीच्या आत, अगदी तळाशी, तिला काहीतरी ताठ उभं राहिल्यासारखं वाटलं. आपण म्हणत होतो ते खरं होतं. आपलं अंग आपण ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीत झडप अरुंद झालेली दिसली. डॉक्टरने स्वतः सुरतच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून तारीख घेतली. छाती उघडायची गरज नव्हती. पायाच्या शिरेतून बारीक फुगा नेऊन झडप मोकळी करता येणार होती.

भूपेंद्र मात्र पेटला होता. "चार महिना, माय! मी समदं लिखी काढस. पुरा गावना ग्रुपवर टाकस. समजू दे लोकेसले."

"काय लिखशी?"

"त्यानी चूक."

"मंग पुरं लिख," छबूबाई म्हणाली. "तो चुकना. मी त्याले तोंडवर सांगं. त्यानी ऐकं, आनि 'मी चुकनू' म्हने. शेवटलं ठेवशी, तं लिख."

भूपेंद्रने मोबाइल खिशात टाकला. नंतर तिची पिशवी भरायला बसला.

सुरतला सारं ठीक झालं. तिसऱ्या रात्री छबूबाई उशी एक ठेवून आडवी झाली आणि सकाळी नर्सने हलवल्यावर जागी झाली. भाईदास शेजारच्या बाकावर बसून होता. "घोरत व्हती तू," तो कौतुकाने म्हणाला.

नवनीतचा दवाखाना एका दिवसात पालटला नाही, पण पालटला. सकाळी तीसच बिल्ले द्यायचे असं त्याने अजितला सांगितलं. त्यावर लोक कुरकुरले. काही जण नाक्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तिथे जाताक्षणी सुई मिळे. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की नवनीत पुन्हा मराठीत शिरे. मग छबूबाई असली तर टेबलाजवळ जाऊन नुसती उभी राही, आणि तो हसून पेन खाली ठेवी.

पुढच्या दिवाळीनंतर डोंगरातून जीप आल्या. रुपा उतरली, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. मुलीच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

"चाल, मी येस," छबूबाई म्हणाली.

"मी जाते," रुपा म्हणाली. "तू बाहेर बस."

छबूबाई बाहेर बसली. रुपा आत गेली, दार लोटलं गेलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. आतून रुपाचा आवाज येत होता. पावरीत, मग मराठीत, मग पुन्हा पावरीत. मध्येच डॉक्टर काहीतरी विचारी आणि ती आणखी मोठ्याने सांगे.

बाकावरचा एक माणूस हातातला बिल्ला आपटत म्हणाला, "इतला येळ? काय चाली ऱ्हायनं मझार?"

"बोली ऱ्हायनी ती," छबूबाई म्हणाली. "मन्ही पथारीवरनी शे." आणि सारा बाक ऐकेल अशा आवाजात पुढे म्हणाली, "तुन्हा नंबर लागी तवय तूबी पुरं बोलजो. घाई करू नको."