पाड्याचं वजन

फारुखचाचाने भंगारातून ओढून काढलेल्या, गाडीच्या कमानीच्या लोखंडी पाट्यावर हातोडीचा एक ठोका मारला आणि कान जवळ नेला. मग तोंड वाकडं करून त्याने तो पाटा बाजूला भिरकावला.

"हा मेलेला आहे. पुढचा दे."

गुलजारने पुढचा दिला. जव्हारच्या बाजारामागे फारुखच्या भट्टीपुढे सकाळपासून हेच चाललं होतं. गुलजारची जीप चाकं काढून ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. लष्कराच्या लिलावातली ती जीप आधीच म्हातारी, त्यात तिच्या कमानींचे पाटे बसून बसून पार सपाट झालेले. एरवी ती नागली-वरईची पोती आणि बाजाराची माणसं वाहायची, आणि त्या कामाला ती अजून चालली असती. पण गुलजारला ती सूर्यमाळच्या पाड्यापर्यंत न्यायची होती. चाकांच्या दोन चाकोऱ्यांमध्ये खडकाचा कणा वर आलेल्या त्या चढणीवर गाडीचं पोट जमिनीपासून चांगलं वीतभर तरी वर उचलायला हवं होतं.

"जुन्यांनाच बाक देऊन भागणार नाही का, चाचा?"

"भागेल की. म्हातारा माणूस फोटोपुरता ताठ बसतो, तेवढा वेळ भागेल."

गुलजार हसला नाही. त्याने भिंतीशी टेकवलेल्या जाड पाट्यांच्या जोडाकडे बोट दाखवलं. घाटात उलटलेल्या, लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकचा तो माल होता. फारुखने आत्तापर्यंत तिकडे मुद्दाम पाठ केली होती.

"ते घाला."

"ट्रकचे? जीपला?" फारुखने हातोडी खाली ठेवली. "कापून, भोकं पाडून बसवीन मी. गाडी उंच होईल, कबूल. पण रिकामी असली की बकरीसारख्या उड्या मारील. तुला अवघडलेली बाई आणायची आहे की ताक घुसळायचं आहे?"

"रिकामी असेलच कशी? पाड्यावरचा माणूस दवाखान्यात एकटा कधी आलेला पाहिलात तुम्ही?"

तसं फारुखने कधीच पाहिलं नव्हतं. डोंगरातल्या पाड्यावर एक माणूस आजारी पडला की सगळा पाडा निघतो. एकजण डॉक्टरांशी बोलायला, एकजण पाण्याचा हंडा धरायला, एकजण पूर्वी दवाखाना पाहिलेला म्हणून, आणि उरलेले मागे राहणं बरं दिसत नाही म्हणून. कुणाला उतर म्हटलं तर तो उतरतो, पण मग पुढची दोन वर्षं आपल्याशी बोलत नाही. जीपच्या टपाच्या दांड्यांना लोंबकळून, मडगार्डवर बसून, बारा-चौदा माणसं सहज येतात.

मागच्या खेपेलाही तशीच आली होती. पाड्यावरच्या ढवळूची बायको सरू तेव्हा पहिलटकरीण होती. भर श्रावणात गुलजार तिला घेऊन उतरत असताना माणसांच्या भाराने कमानी पार बसल्या, खडकाच्या कण्यावर मागच्या आसावरचा गोळा आपटला, त्याचं कवच फुटलं आणि तेल चिखलात वाहून गेलं. मग डोली झाली. खांदे बदलत बदलत बाप्यांनी तिला खोडाळ्यापर्यंत नेलं. सरू वाचली, मूल वाचलं नाही. यात गुलजारचा काय दोष, असं सगळेच म्हणाले, ढवळूही म्हणाला. पण ते पोर गोधडीत गुंडाळताना गुलजारने पाहिलं होतं आणि त्यानंतर त्याला त्या चढणीचं नाव काढलेलं सोसत नसे. आता सरूला पुन्हा दिवस गेले होते, आणि ती या वेळी गाडीतच बसून येणार आणि गाडीतच बसून परत जाणार, हे त्याने ढवळूला शब्द देऊन सांगितलं होतं.

"बारा माणसांच्या हिशेबाने घाला, चाचा. गाडी भरली तरी पोट टेकता कामा नये."

 फारुखने उठून त्या जाड पाट्यावर ठोका मारला. देवळातल्या घंटेसारखा आवाज आला आणि तो विरायला वेळ लागला.

"जिवंत आहे हरामखोर," तो म्हणाला. "पण ऐकून ठेव. या भरल्या गाडीच्या कमानी आहेत. रिकामी घेऊन आलास आणि कंबर मोडली, तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

माघातल्या एका सकाळी निरोप आला. सरूचा म्हातारा सासरा पोश्या अंधारातच पाड्यावरून निघून खोडाळ्यापर्यंत चालत आला होता. तिथे त्याने एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, आणि कंडक्टरने जव्हारला उतरल्या उतरल्या गुलजारला हाक मारली. "सूर्यमाळची सुनबाई अडली आहे. लवकर जा." गुलजारने हातातला चहा तसाच ठेवला.

रस्ताभर जीप उड्या मारत होती. त्याने दोनदा डोकं टपाच्या दांडीवर आपटून घेतलं आणि दोन्ही वेळा फारुखला शिव्या घातल्या. खोडाळ्याला पोश्या वाट पाहत बसला होता, त्याला त्याने शेजारी घेतलं. मग ती चढण आली. चाकं चाकोऱ्यांतून वर सरकली, खडकाचा कणा गाडीच्या पोटाखालून गेला, आणि काहीही टेकलं नाही. गुलजारला एवढा आनंद झाला की त्याने भोंगा वाजवला. माळावर त्याचा आवाज घुमला, पण कुणी धावत आलं नाही. एकही पोर आलं नाही, तेव्हा तो पोश्याकडे वळला.

"पोश्याबाबा, माणसं कुठायत?"

"आं?" पोश्याला प्रश्नच कळेना. "जगाया गेली. दिवाळी झाली की जातात नं. ढवळू भिवंडीला, भट्टीवर. सगळीच गेली. शिमग्याला येतील."

दिवाळी उलटली की डोंगरातली माणसं जगायला जातात, वीटभट्ट्यांवर, गवत कापायला, वाळू काढायला. जव्हारातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. गुलजार तर दर साल त्यांनाच बाजारातून एसटीच्या थांब्यावर सोडत आला होता. पण कमानी निवडताना त्याच्या डोळ्यांसमोर श्रावणातली ती भरलेली गाडी होती. माघातला पाडा त्याला आठवलाच नाही. त्याने हाताने कपाळ बडवून घेतलं.

दारं ओढलेल्या झोपड्यांमध्ये एकाच घरातून धूर येत होता. तिथे सरू होती, तिची सासू फागी होती, आणि शेजारची म्हातारी चैती. चैती स्वतःच इतकी थकलेली की तिला जगायला जाणाऱ्यांनीही मागे ठेवलं होतं. जीपच्या मागच्या बाजूला पेंढा आणि गोधडी घालून त्यांनी सरूला निजवलं. फागी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गुलजारने जितकी हळू जाईल तितकी हळू गाडी काढली.

पहिल्याच खळग्यात जीप उडाली. सरू अशी किंचाळली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबव," फागी म्हणाली. "नाय जमायचं. पोरीचा जीव जायल असा."

"डोली..."

"डोली कोन उचलंल? हा?" तिने पोश्याकडे हनुवटी केली. पोश्याने मान खाली घातली.

गुलजार खाली उतरला. त्याने मागची कमान पाहिली. पाटे वाकलेच नव्हते, धनुष्यासारखे वर ताणून उभे होते, बारा माणसांची वाट बघत. गाडी उंच होती, मजबूत होती, आणि तिच्यात एक अडलेली बाई बसवायची सोय नव्हती.   बाजूच्या खाचराच्या बांधाकडे त्याची नजर गेली. दगडांचा बांध होता, कंबरेएवढा.

"बाबा, हा बांध कुणाचा?"

"माझाच."

"मोडू?"

पोश्याने बांधाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग गुलजारकडे. वेड लागलं की काय याला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"वजन पाहिजे," गुलजार म्हणाला. "गाडी भरलेली असली की नरम चालते. रिकामी आहे म्हणून उडतेय. आणखी दहा माणसं असती तर सरूला खळगा कळलाही नसता. माणसं नाहीत. दगड घालू."

"मोड," पोश्या म्हणाला. "पन परत आनाचं. आगोटीला, पावसाआदी बांध लागंल."

सरूला पेंढ्यासकट उतरवून सावलीत ठेवलं. चैती तिच्याजवळ बसली. गुलजार आणि पोश्या बांधाचे दगड काढायला लागले, आणि फागी गाडीत चढून ते रचून घ्यायला लागली. चपटे दगड तळाशी, फटीत पेंढा, म्हणजे हलायला नकोत. कळ आली की सरूचा आवाज यायचा आणि तिघांचे हात क्षणभर थांबायचे.

"आजून किती?" फागीने विचारलं.

"दहा माणसांइतके."

"कोन कोन आलं आसतं," ती म्हणाली, आणि पुढचा दगड घेताना स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "हा माघ्या." त्याच्यावर आणखी एक. "हा देवजी. भारी हाय, नीट दे." मग सुकी आली, लाडकी आली. गुलजार घामाने निथळत होता, त्याला हसायचीही सवड नव्हती. कडेचा एक लांबट दगड तिने सरूच्या डोक्याकडच्या बाजूला उभा लावला आणि काही बोलली नाही. तो कोण, ते विचारायची गरज नव्हती.

शेवटी कमानी वाकल्या. गुलजारने खाली वाकून पाहिलं. पाट्यांना जरासा श्वास सोडल्यासारखा बाक आला होता, आणि पोटाखाली अजूनही खडकाला पुरेल एवढी जागा होती. दगडांवर पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर सरू. चैती मडगार्डला धरून बसली, कारण तीही मागे राहायला तयार नव्हती.

पहिला खळगा आला. जीप त्यात उतरली आणि भरल्या पोटाने बैल उठावा तशी सावकाश वर आली. सरू कण्हली, पण किंचाळली नाही. खडकाच्या त्या चढणीवरून उतरताना गुलजारने श्वास धरून ठेवला. खालून काहीच आवाज आला नाही. तो पुढे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर लागत होते.

जव्हारच्या दवाखान्यात दुपार कलायच्या आत सरू बाळंत झाली. मुलगी झाली, आणि तिचं रडणं फाटकापर्यंत ऐकू आलं.

बातमी बाजारात पोहोचायला वेळ लागत नाही. सुटी होऊन सरू निघाली त्या सकाळी फारुखचाचा कापडाला हात पुसत दवाखान्याच्या अंगणात आला. त्याने आधी जीपला प्रदक्षिणा घातली, मग मागे वाकून दगड पाहिले, मग खाली बसून कमानी पाहिल्या. त्याला बोलायचं होतं ते चेहऱ्यावर मावत नव्हतं. पण आतून बाळाचा आवाज आला आणि त्याने निम्मं गिळून टाकलं.

"आण गाडी भट्टीवर," तो म्हणाला. "दोन-दोन पाटे काढून टाकतो. नरम होईल. दर वेळी काय बांध उपसत बसणार आहेस?"

गुलजारने डोकं खाजवलं. फारुखचं बरोबर होतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पाडा रिकामाच असतो, आणि रिकाम्या पाड्याला नरम कमानी लागतात. हे आता त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो खाली बसला, पाट्यावरून तळहात फिरवला.

"राहू देत," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"शिमग्याला येतील सगळी, चाचा. तेव्हा नरम कमानी घेऊन काय करू?"

 फारुखने कापड खांद्यावर टाकलं आणि एकेक बोल्ट पान्याने आवळायला घेतला. सगळे आवळलेलेच होते.

सरू पोश्याचा हात धरून गाडीत चढली. फागी बाळाला छातीशी धरून पाठोपाठ आली. ती जागा शोधत क्षणभर उभी राहिली, मग कडेच्या लांबट दगडाला तिने पायाने हलकेच रेटलं.

"सरक जरा, ढवळू," ती म्हणाली. "तुजी पोर बसतेय."